घर मोजायचं कशानं?



गेल्या महिन्याच्या अभ्यासवर्गात आपला एक तरणाबांड कार्यकर्ता उठला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "आमच्या गावात आम्ही १७ घरकुलं मंजूर करून आणली." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या १७ अर्जांतले निम्मे माझ्याच हातानं भरलेले होते. ग्रामसेवकाच्या दारात दहा खेपा घातल्या होत्या, तहसीलला उपाशीपोटी बसलो होतो. मग टाळी का वाजवू नये?

तेवढ्यात मागच्या ओळीतली एक पोरगी, नुकतीच कॉलेजात गेलेली, बसल्या जागेवरून बोलली, "मग त्यानं काय झालं?"

सगळे हसले. पोरगी ओशाळली, खाली बघून वहीत काहीतरी लिहायला लागली. सभा पुढे सरकली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. प्रश्न अडाणी वाटला म्हणून आपण हसलो, पण १७ घरं झाल्यानं काय झालं याचं उत्तर आमच्या दोघांजवळही नव्हतं. १७ झाली, एवढंच होतं. म्हणजे जे उत्तर बीडीओ वर पाठवतो तेच.

सरकार घर कसं मोजतं ते आधी बघू. १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना निघाली. ती मुळात आपल्यासाठी, आदिवासींसाठी आणि सोडवलेल्या वेठबिगारांसाठी होती. १९९३-९४ पासून इतर गरिबांनाही ती लागू झाली. २०१६ साली तिचं बारसं पुन्हा झालं, प्रधानमंत्री आवास योजना. सपाट मुलुखात १ लाख २० हजार रुपये, घर किमान २५ चौरस मीटरचं, आणि मार्च २०२४ पर्यंत २ कोटी ९५ लाख घरांचं उद्दिष्ट. मग त्यावर आणखी २ कोटी. आपल्या राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी माता रमाईंच्या नावानं वेगळी घरकुल योजना आहे, तिचं घर २६९ चौरस फुटांचं. हिशेब करून बघा, २५ चौरस मीटर म्हणजेच २६९ चौरस फूट. दिल्लीनं मीटरात मोजलं, मुंबईनं फुटात मोजलं, आपल्या वाट्याला आलं ते तेवढंच.

आता घर 'पूर्ण' कधी होतं? जोतं झालं की फोटो. लिंटल झालं की फोटो. स्लॅब पडला की फोटो. त्या फोटोवर अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात, म्हणजे दुसऱ्याचं घर दाखवून पैसे उचलता येऊ नयेत. चांगलीच गोष्ट आहे. कागदावरची घरं, एकाच घराला दोन योजना, सरपंचाच्या मेव्हण्याचं घरकुल, हे सगळं आपण बघितलेलं आहे. त्याला थोडा तरी आळा बसला. शेवटचा फोटो निघतो तो दारात उभ्या असलेल्या बाईचा. डोक्यावर पदर, हात कुठं ठेवावेत हे न कळून एकमेकांत गुंतवलेले. तो फोटो वर गेला की घर पूर्ण. त्यानंतर त्या घराकडं सरकारचं कुणी फिरकत नाही आणि, प्रामाणिकपणे सांगायचं तर, आपणही फिरकत नाही.

म्हणजे मोजलं काय? देणाऱ्याचा हात खिशात किती वेळा गेला ते मोजलं. घेणाऱ्याचं काय झालं ते कुठंच नोंदलेलं नाही. सावकार आपली वही लिहितो तेव्हा त्यातही हेच असतं, किती दिले. आणि देणाऱ्याची वही देणाऱ्यानंच तपासायची असेल तर ती कायम बरोबरच निघणार.

माप निर्मळ असतं, आकड्याला जात नसते, असं काही शिकले-सवरलेले लोक सांगतात. त्यांनी एकदा किल्लारीला जाऊन यावं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसं मातीच्या भिंतींखाली गेली. भूकंपाला गावकूस कळलं नाही. वाड्याची दगडी भिंत आणि महारवाड्यातला कूड एकाच क्षणात खाली आला. उलट जाड दगडमातीच्या माळवदाखालीच माणसं जास्त मेली, आपल्याकडची काही पत्र्या-कुडाची होती म्हणून वाचली. निसर्गानं एका रात्रीत सगळ्यांना उघड्यावर आणून बसवलं होतं.

मग जागतिक बँकेचा पैसा आला आणि पुनर्वसन सुरू झालं. ५२ गावं नव्या जागी बसवायची ठरलं. नवं गाव कोऱ्या कागदावर आखायचं होतं. मित्रहो, कोरा कागद आपल्या देशात कुणाला मिळतो? इथं मिळाला होता. त्यावर काय लिहिलं गेलं ते ऐका. ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे, त्याला २५० चौरस फुटांचं घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरच्या वर ज्याची जमीन, त्याला ७५० चौरस फूट.

कारण सांगितलं जातं की मोठ्या शेतकऱ्याला बैल बांधायला, औजारं ठेवायला, धान्य साठवायला जागा लागते. खरंच लागते. पण भूमिहीनाच्या घरात माणसं कमी असतात का? त्याच्या पोरांना अभ्यासाला कोपरा लागत नाही का? बैलाला लागणारी जागा मापात धरली आणि माणसाला लागणारी धरली नाही. भूमिहीन कोण होता आणि सात हेक्टरवाला कोण होता हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फॉर्मवर जात लिहिलेली नव्हती, फक्त जमीन लिहिलेली होती. तेवढं पुरलं. आणि एका मापाची घरं एका ओळीत बांधली की ओळीलाच वस्तीचं रूप येतं, वेगळी वेस घालावी लागत नाही. भूकंपानं पाडलेला गावगाडा सिमेंटमध्ये उभा राहिला, एकास तीन या प्रमाणात.

ही योजना फसली, असं मी म्हणत नाही. घरं मजबूत झाली, रस्ते रुंद झाले. मोजणीच्या वहीत किल्लारीचं पुनर्वसन यशस्वी आहे आणि वहीच्या हिशेबानं ते खरंही आहे. म्हणूनच मला वहीची भीती वाटते.

आता माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. तिचं घर मी भरलेल्या अर्जांपैकी एक.

आत्याची जुनी खोपट गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या बांधाला होती. जागा त्याची. भाडं नव्हतं, कागद नव्हता. फक्त लग्नकार्य असलं की आत्यानं जाऊन अंगण झाडायचं, भांडी घासायची, मेलेलं जनावर ओढायला पोरांना पाठवायचं. मजुरी म्हणून उरलेलं अन्न. कुणी तिला जबरदस्ती केली नाही, असं त्या घरातली माणसं आजही म्हणतील. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच असेल. जबरदस्ती करायची गरजच कुठं होती? तिच्या चुलीखालची जमीनच त्यांची होती.

घरकुल मंजूर झालं, पण जागा नाही. जागा नाही तर घर नाही, हा सगळ्यात मोठा खोडा. २०१५ साली भूमिहीन लाभार्थ्याला जागा घ्यायला सुरुवातीला ५० हजारांपर्यंत मदत देणारी योजना राज्यानं काढली, पण आपल्या माणसाला जागा विकायला गावात कोण तयार होतं? शेवटी गावठाणातली एक चिंचोळी पट्टी मिळाली. वर्षभर हप्त्यांचा खेळ चालला. वाळू महागली, गवंडी मधेच पळाला. स्लॅब परवडला नाही, वर पत्रे टाकले. नमुना आठला आत्याचं नाव लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तर आत्या घराबाहेर पत्र्याच्या पडवीत झोपलेली आणि घरात शेळ्या. मला संताप आला. "आत्या, यासाठी का मी हेलपाटे घातले?" ती म्हणाली, "अरं बाबा, पत्रा तापतो, मधी भाजून निघतंय. शेरडं चोराला जाऊ नयेत म्हणून मधी घालते." गृहनिर्माण अभियंता येऊन गेला होता आणि तोंड वाकडं करून म्हणाला होता, यांना घरं देऊन उपयोग नाही, जनावरं बांधतात. मी त्याच्यावर चिडलो असतो, पण मनात माझंही तेच आलं होतं.

निघताना आत्या सहज बोलली. तिला काही विशेष सांगायचं नव्हतं. "औंदा त्यांच्या नातीचं लगीन झालं. बलावणं आलं व्हतं. म्या न्हाई गेले." मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "गुडघं दुखत्यात म्हनलं." मग थोडं थांबून हसली. "पैल्यांदाच न्हाई म्हनलं बघ."

मित्रहो, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. ते कुठल्या फोटोत आलं? अक्षांश-रेखांश कुठं आहेत त्याचे?

तेव्हापासून मी घर एकाच गोष्टीनं मोजायला लागलो आहे. घर मिळाल्यावर त्या माणसाला 'नाही' म्हणता येतं का? ज्याला आजवर 'हो'च म्हणावं लागत होतं त्याला. मालकाला, मुकादमाला, सावकाराला, बिल्डरला, नगरसेवकाच्या पोराला. आणि गरज पडली तर आपल्यालाही.

हे माप मी शोधून काढलेलं नाही. वतनाचा इतिहास बघा. महाराला हाडकी-हाडोळा जमीन होती, गावात राहायला जागा होती. वहीनं मोजलं तर तो जमीनदार! पण त्या तुकड्यापायी गावाची रात्रंदिवस सेवा करायची, सांगावा घेऊन धावायचं, आणि कुणालाही नाही म्हणायचं नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं तेव्हा आपल्यातलेच कित्येक लोक घाबरले, हातातला तुकडा जाईल म्हणून. कायद्यानं ती वतनं जायला १९५८ साल उजाडलं. जमीन असूनही नाही म्हणता येत नसेल तर ती जमीन म्हणजे दाव्याची खुंटी, हे बाबासाहेबांना पक्कं कळलं होतं. घराचंही तसंच आहे. घर खुंटी असू शकतं.

हे माप घेऊन मुंबईला चला. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं ५० हजार खोल्या बांधायचा घाट घातला. झाल्या २०७ चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून सोळा हजारांवर खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या, कामगाराला भाडं झेपेना. त्या काळच्या वहीत ही योजना सपशेल नापास. पण पुढं त्याच खोल्यांत खेड्यातून आलेला आपला माणूस राहिला, गिरणीत, गोदीत, पालिकेत राबला. संडास सामायिक, पाण्याला रांग, एका खोलीत दहा माणसं. ते दिवस सोन्याचे होते असं कुणी म्हणू नये. तरी एक गोष्ट होती. त्याचा घरमालक पाटील नव्हता. महिन्याचं भाडं टाकलं की कुणाच्या दारात झाडू मारायला जायचं नव्हतं. त्याच वरळीच्या चाळींतून पँथरच्या सभा उभ्या राहिल्या. जानेवारी १९७४ ला दंगल पेटली, भागवत जाधव मारले गेले. माणसं तिथं ठामपणे उभी राहिली, कारण त्यांच्या पायाखालची जमीन कुणा एकाच्या मेहेरबानीची नव्हती. आता तिथं टॉवर उठताहेत. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. माझा त्याला विरोध नाही. आपल्या म्हाताऱ्यांना घरात संडास मिळाला याचा मला आनंदच आहे. टॉवरमध्ये त्यांना कुणाला नाही म्हणता येतं आणि कुणाला नाही, ते दहा वर्षांनी जाऊन बघावं लागेल.

झोपडपट्टीची कथा वेगळी. १९९५ साली ४० लाख झोपडीवासीयांना फुकट घरांचं आश्वासन निघालं, म्हणजे ८ लाख घरं. तीस वर्षांनंतरही ती संख्या दृष्टिपथात नाही. घराचं माप मात्र वाढत गेलं, आधी २२५, मग २६९, मग ३०० चौरस फूट. आणि घटत गेली ती संमती. आधी १०० तल्या ७० झोपड्यांचा होकार लागायचा, पुढं ५१ वर भागायला लागलं. नीट बघा, घराचे फूट वाढले आणि 'नाही' म्हणणाऱ्याची किंमत कमी झाली. बिल्डरला विकायला जी जागा मिळते ती खरी योजना. आपलं घर हे तिच्या पोटातून पडलेलं बायप्रॉडक्ट.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, अशाच एका इमारतीत सातव्या मजल्यावर गेला. जुन्या झोपडीच्या पुढं त्याची वडापावची गाडी लागायची. पुढं धंदा, मागं संसार, वहिनी आतून बटाटे सोलून द्यायची. सातव्या मजल्यावर गाडी कुठं नेणार? खाली लावली तर सोसायटीची तक्रार. लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस बंद. मेंटेनन्सची थकबाकी वाढत गेली. नियमाप्रमाणे ठराविक वर्षं विकायला बंदी होती, तरी दादानं एके दिवशी घर देऊन टाकलं आणि बदलापूरच्या पुढं भाड्याच्या खोलीत गेला. वस्तीतले कार्यकर्ते म्हणाले, लायकी नाही यांची. वर्तमानपत्रंही असंच लिहितात, फुकट घरं घेतात आणि विकून पुन्हा झोपडी टाकतात.

मी दादाला भेटलो. विचारलं, "दादा, असं का केलंत?" तो म्हणाला, "पोरीची नर्सिंगची फी होती. आन् देणं होतं लोकांचं." काही पैसे दारूतही गेले असतील, मी विचारलं नाही. पोरगी आज एका दवाखान्यात नोकरीला आहे.

सांगा आता, हे यश की अपयश? वहीत लिहायचं तर घर गेलं, अपयश. माझ्या मापानंही मला नीट सांगता येत नाही. संमतीच्या कागदावर अंगठा मागायला नगरसेवकाची पोरं दारात उभी राहिली तेव्हा दादाला नाही म्हणता आलं नव्हतं. इमारत कुठं, किती उंच, खाली धंद्याला गाळा का नाही, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्या व्यवहारात त्याला 'नाही' म्हणता आलं ते शेवटी फक्त घरालाच. त्याचा निर्णय चुकला असेल. पण तो त्याचा पहिला निर्णय होता, आणि त्याच निर्णयासाठी आपण त्याला नालायक ठरवलं.

माहुलची माणसं आठवा. तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या पाडून पालिकेनं त्यांना माहुलच्या इमारतींत पाठवलं. पक्की घरं, चावी हातात, कागदावर पुनर्वसन झालेलं. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. हवेनं माणसं आजारी पडायला लागली. तिथल्या हवेनं आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१५ सालीच म्हटलं होतं. लोकांनी काय केलं? घर नको म्हणून आंदोलन केलं, घर असताना रस्त्यावर येऊन बसले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की यांना माहुलला राहायची सक्ती करू नका, दुसरीकडं सोय होईपर्यंत महिना १५ हजार भाडं द्या. वहीच्या हिशेबानं ही माणसं कृतघ्न. तिकडं गोवंडीत तीन-तीन मीटर अंतरावर इमारती उभ्या करून पुनर्वसन केलं, खालच्या मजल्यांवर ऊनवारा पोचेना, आणि डॉक्टरांनी २०१८ च्या सुमारास अभ्यास करून क्षयरोगाचा संबंध त्या अंधाराशी जोडला. ती घरंही 'पूर्ण'च होती.

आता माझ्यावरचे आक्षेप. ते तुम्ही घ्यायच्या आधी मीच घेतो.

पहिला आक्षेप माझ्या चुलतीचा. ती म्हणाली, "पावसात भाकरीचं पीठ भिजतंय तिला तू सवाल विचारतोस का, न्हाई म्हंता येतं का म्हणून? आधी पत्रा टाक की मेल्या." यावर माझ्याजवळ उत्तर नाही, आणि मी देणारही नाही. आधी छप्परच. छप्पर गळताना स्वाभिमानाची व्याख्यानं देणारा माणूस स्वतः स्लॅबखाली राहत असतो. माझं म्हणणं छप्पर देताना मोजणी थांबवू नका एवढंच आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. नवं घर पुन्हा गावकुसाबाहेर, त्याच जुन्या जागी बांधलं तर? विटांची अस्पृश्यता जाऊन सिमेंटची आली, असं म्हणायचं का? डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, महारवाड्याचं समतानगर, भीमनगर झालं. पाटी बदलली, पण मसणवट्याची वाट? पाण्याची टाकी कुणाच्या आळीत? मग आपली घरं गावात मिसळून हवीत का? इथं घाई करू नका. १९४२ च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेनं वेगळ्या वसाहतींची मागणी केली होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्येही बाबासाहेबांनी ती लावून धरली, त्यासाठी स्वतंत्र कमिशन मागितलं. वेगळं राहणं आणि वेगळं ठेवलं जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पाण्यावर उभी असलेली वेगळी वसाहत गावाला नाही म्हणू शकते. गावाच्या दयेवर उभी असलेली गावात मधोमध असली तरी म्हणू शकत नाही. पुन्हा तोच प्रश्न येतो. २०२२ च्या शेवटाला गायरानावरची घरं काढायच्या नोटिसा गावोगाव आल्या तेव्हा चाळीस-चाळीस वर्षं राहिलेली आपली माणसं एका रात्रीत अतिक्रमणवाली झाली. जागेचा कागद नसेल तर सरकारी पैशाचं घरही सरकारच पाडू शकतं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले ते घरकुलासाठी नव्हे, जमिनीसाठी. ही गोष्ट अर्ज भरण्याच्या नादात आपण विसरलो.

तिसरा आक्षेप आपल्या त्या तरण्याबांड साथीचा. "तुमचं हे 'नाही' कलेक्टर कसं मोजणार?" कलेक्टरनं मोजावं असं मी म्हणतच नाही. त्यानं मोजलं तर त्याचाही फॉर्म होईल आणि बाया अंगठा लावून सांगतील, होय साहेब, आम्ही नाही म्हणतो. मोजायचं आपण. तीन वर्षांनी त्याच दारात परत जायचं, हातात अर्ज न घेता. घरात कोण झोपतं, कागद कुणाच्या नावावर, घर पुरं करायला कुणाकडून उचललं आणि ते फिटलं का, पोरगी अभ्यास कुठं करते. बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत राहिले, त्यातली एक पुस्तकांनी खाल्ली होती. आणि मग गप्पा मारता मारता, आत्यानं सांगितलं तसं, कुणाला काय नाही म्हटलं ते आपोआप निघतं.

यात एक कबुली माझीही आहे. त्या १७ घरांच्या जोरावर ग्रामपंचायतीला आपलं पॅनल उभं राहिलं होतं. प्रचारात मी स्वतः दारोदार सांगितलं, घर आम्ही आणलं, ध्यान ठेवा. एका बाईनं त्या वेळी आपल्याला मत देणार नाही असं तोंडावर सांगितलं तर मला राग आला होता. म्हटलं होतं, खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. आज त्याची लाज वाटते. तिचं घर त्या १७ मधलं सगळ्यात यशस्वी घर होतं.

सध्या वही घेऊन फिरतोय. मागच्या ओळीतली ती पोरगीही सोबत असते. ११ घरं झाली. बारावं घर वेशीजवळचं, आमच्या यादीत पहिल्या नंबरानं मंजूर झालेलं, पक्का स्लॅब, दाराला निळा रंग, वर पंचशीलाची पट्टी. गेलो तर कुलूप. शेजारणीनं सांगितलं, दसऱ्यालाच कोयत्यावर गेले, कारखान्यावर. हप्ते पुरले नाहीत म्हणून स्लॅबसाठी मुकादमाची उचल घेतली, ती दोन पट्टे झाले तरी फिटेना. औंदा नवऱ्याला बरं नव्हतं, जायचं नव्हतं, पण मुकादमाची गाडी दारात येऊन उभी राहिली. पोरीनं वहीत नाव लिहिलं आणि पुढचा रकाना मोकळा ठेवला. पट्टा पडल्यावर, चैतात, ते परत येतील. तेव्हा आम्ही पुन्हा जाणार आहोत.